औषध मोडतंय का ते बघू : बेळगावातल्या एका प्रकल्पाच्या नोंदी

सोमवार, १० जून २०२४

आज प्रकल्पाची वही उघडली. सरांनी पहिल्या पानावर प्रश्न एका वाक्यात लिहायला लावला: जिवाणू प्रतिजैविकाला दाद देत नाही, हे त्याच्या प्रथिनांवरून काही तासांत कळू शकतं का?

शहरातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून क्लेब्सिएला न्यूमोनिई आणि ई. कोलाय या जिवाणूंचे नमुने मिळणार आहेत. नाव-गाव काढून टाकलेलं, फक्त क्रमांक. पहिले बारा आज आले. मॅकॉन्की प्लेटवर (जिवाणू वाढवायचं एक माध्यम) क्लेब्सिएलाच्या वसाहती गुलाबी आणि चिकट दिसतात. लूप टेकवून उचलला की काकवीसारखी तार निघते. हे कितीही वेळा बघितलं तरी मी हात थांबवून बघतेच.

सध्याची रीत अशी. नमुना कल्चरला लावायचा, एक दिवस वाढू द्यायचा. दुसऱ्या दिवशी म्युलर-हिंटन माध्यमावर औषधाच्या डिस्क लावायच्या, आणखी सोळा-अठरा तासांनी झोन, म्हणजे डिस्कभोवती जिवाणू न वाढलेला घेर, मोजायचा. रक्ताचा नमुना असेल तर बाटलीत वाढायचा वेळ वेगळा. म्हणजे रिपोर्ट वॉर्डात पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडतो. तोवर डॉक्टर अनुभवावरून औषध देतात, आणि रुग्ण गंभीर असेल तर मेरोपेनेम हे जोरदार प्रतिजैविक सुरू करतात. जंतू मेरोपेनेमच मोडणारा असेल तर ते दोन दिवस फुकट जातात, आणि रुग्णाकडे तेवढे दिवस असतातच असं नाही.

पीसीआरने जनुक लवकर सापडतं, हे खरं. पण ठरावीक जनुकंच शोधता येतात, आणि जनुक असणं म्हणजे घरात कोयता असणं. तो कोयता ऊस तोडतोय की खुंटीला टांगलेला आहे, ते जनुक सांगत नाही. तोडणारं असतं ते प्रथिन, म्हणून आम्हाला प्रथिनाकडे जायचंय.

गुरुवार, २० जून

मास स्पेक्ट्रोमीटर आमच्याकडे नाही. दुसऱ्या एका संस्थेत आहे, आणि दर गुरुवारी दुपारी दोन ते पाच आम्हाला मिळणार. यंत्र सांभाळणारे अण्णा कन्नडमध्ये सुरुवात करतात आणि मराठीत शेवट करतात, मधले आकडे इंग्रजीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला प्लेट धुवायला शिकवलं. ते महत्त्वाचं निघालं, कारण मागच्या कुणाचा अंश राहिला तर तो आपल्या आलेखात उगवतो.

यंत्राचं नाव माल्डी-टॉफ. वसाहतीचा कणभर भाग स्टीलच्या प्लेटवरच्या ठिपक्यात पसरायचा, वर फॉर्मिक आम्ल, त्यावर मॅट्रिक्स. वाळलं की बारीक स्फटिक होतात. लेझरचा झोत पडला की मॅट्रिक्स ऊर्जा शोषून घेतं आणि प्रथिनं न तुटता उडतात, अंगावर विद्युतभार घेऊन. निर्वात नळीतून हलकी आधी पोचतात, जड मागाहून. पोचायला लागलेल्या वेळेवरून वस्तुमान. मोठा रेणू न मोडता उडवता येतो, हे दाखवल्याबद्दल कोइची तानाका आणि जॉन फेन यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधला वाटा मिळाला.

ओळख पटवण्यासाठी यंत्र साधारण २,००० ते २०,००० डाल्टन (रेणूच्या वजनाचं माप) एवढ्याच पट्ट्यात बघतं. तिथे मुख्यतः रायबोसोमची प्रथिनं दिसतात, जी प्रत्येक जातीत थोडी वेगळी असतात. आमचे बाराच्या बारा नमुने दोनच्या वरच्या गुणांनी, म्हणजे खात्रीने, ओळखले गेले. म्हणजे कोण आहे ते दहा मिनिटांत कळलं. दाद देतो की नाही, ते मात्र यात नाही.

केपीसी नावाचं, औषध मोडणारं एन्झाइम बाळगणाऱ्या काही क्लेब्सिएलांत ११,१०९ डाल्टनला एक शिखर दिसतं, असं मी वाचलं होतं. (सगळे ‘पीक’ म्हणतात. घरी पीक म्हणजे भात आणि ऊस, म्हणून वहीत मी शिखरच लिहिते.) बाराही आलेखांत ते शोधलं. एकातही नाही. परत येताना सरांना सांगितलं तर म्हणाले, “नसणारच. आपल्या देशात केपीसी विरळ. आपल्याकडे एनडीएम आणि ऑक्सा-४८ च्या घराण्यातले जास्त. आणि ते शिखर केपीसीचं नव्हेच. त्याच प्लास्मिडवरच्या दुसऱ्या एका छोट्या प्रथिनाचं आहे. प्लास्मिड बदललं की शिखर गेलं.” (प्लास्मिड म्हणजे जिवाणूतलं जनुकांचं सुटं कडं.)

एनडीएम स्वतः सुमारे २८,००० डाल्टनचं, म्हणजे यंत्राच्या नेहमीच्या पट्ट्याबाहेर. थेट बघायचं तर ट्रिप्सिन या प्रथिन कापणाऱ्या एन्झाइमने तुकडे करून दुसऱ्या, फार महागड्या यंत्रावर जावं लागतं.

आजच्या पानाखाली मी लिहून ठेवलं: दुसऱ्या मुलखात सापडलेली खूण इकडे चालेलच असं नाही. एन्झाइम दिसत नसेल तर त्याचं काम बघायचं.

शनिवार, २९ जून

आज संमतीपत्रं. राहिलेला नमुना संशोधनाला वापरण्यासाठी रुग्णाची परवानगी लागते. कागद कन्नड आणि मराठी दोन्हींत आहे, कारण इथल्या वॉर्डात खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक तर असतंच, शिवाय चंदगडचेही असतात. त्यांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ.

चंदगडकडच्याच एक आजी होत्या. सोबत जावई. उशाला प्लास्टिकच्या पिशवीत दोन्ही राज्यांतल्या दवाखान्यांच्या चिठ्ठ्या, मेडिकलमधून दोन-दोन दिवसांपुरत्या आणलेल्या गोळ्यांची अर्धी पाकिटं, एकावर लाल रेघ. ती रेघ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही हे सांगण्यासाठी असते. आजी म्हणाल्या, “पोरी, लघवी तपासाय नेऊन दोन दिवस झाले. आता ह्यो कागद कशाचा?”

मी समजावलं. जंतूला औषध का लागू पडत नाही ते आम्ही शोधतो, तुमचं नाव कुठे येणार नाही, नको असेल तर नाही म्हणा, उपचारात काही फरक पडणार नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग मला आत्ता कुठलं औषध लागू पडंल, त्ये सांगशील व्हय?”

नाही, असं म्हणावं लागलं. त्यांनी अंगठा दिला. “माझं न्हाई तर न्हाई, फुडच्याला तर हुईल,” एवढंच बोलल्या.

त्यांचा नमुना कुठल्या क्रमांकाचा ते मला माहीत नाही, आणि माहीत असताही कामा नये. पण प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर, सरांच्या वाक्याखाली लिहून ठेवला.

गुरुवार, ४ जुलै

आजपासून खरी चाचणी. कल्पना साधी. मेरोपेनेमच्या रेणूत चार अणूंचं एक ताणलेलं कडं असतं, बीटा-लॅक्टम. औषधाचा सगळा जोर त्या कड्यात. कार्बापेनेमेज, म्हणजे मेरोपेनेमच्या गटातली औषधं (कार्बापेनेम) मोडणारं एन्झाइम, तिथे पाण्याचा एक रेणू घुसवतं आणि कडं उघडतं. औषध निकामी. पाण्याचा रेणू म्हणजे १८ डाल्टन, आणि तेवढं वजन वाढलेलं यंत्राला दिसतं.

अख्खं औषध ३८४ ला दिसायला हवं. मोडलं की ४०२ ला, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून गेला की ३५८ ला. सोडियम चिकटलेली रूपं प्रत्येकी २२ ने पुढे.

ताज्या वसाहती मेरोपेनेमच्या द्रावणात घुसळल्या, ३५ अंशांवर दोन तास ठेवल्या, सेंट्रिफ्यूज केल्या, वरचं पाणी एक मायक्रोलिटर प्लेटवर. आलेखात ४०२ च्या जागी ठसठशीत शिखर आलं. ३८० च्या आसपासही एक. अण्णांनी पाठीवर थाप मारली. मी बाहेर येऊन सरांना फोन केला.

शुक्रवार, ५ जुलै

रात्री घरी सगळे आलेख पुन्हा उघडले. ज्या ठिपक्यात जिवाणूच घातला नव्हता, नुसतं औषध होतं, त्यातही तीच दोन शिखरं आहेत. नुसत्या मॅट्रिक्सच्या ठिपक्यातही आहेत.

कागद-पेन्सिल घेऊन बसले. आमचं मॅट्रिक्स म्हणजे अल्फा-सायनो-४-हायड्रॉक्सिसिनॅमिक आम्ल, वस्तुमान १८९. दोन रेणू जोडीने उडाले की ३७९. जोडीला सोडियम चिकटलं की ४०१. मी ज्याला मोडलेलं औषध समजले, ती मॅट्रिक्सची जोडी होती. ४०१ आणि ४०२ यांच्यात एक डाल्टन, आणि आम्ही ज्या पद्धतीने यंत्र चालवलं त्यात तेवढा फरक सुटा दिसत नाही.

सकाळी सरांना सांगितलं. रागावले नाहीत. “जिवाणू न घातलेला ठिपका आधी बघायचा, मग बाकीचे,” म्हणाले. यापुढे तोच क्रम.

गुरुवार, ११ जुलै

मॅट्रिक्स बदललं. २,५-डायहायड्रॉक्सिबेंझोइक आम्ल, वस्तुमान १५४. त्याची शिखरं आमच्या वाटेत येत नाहीत. वाळल्यावर सुयांसारखे लांब स्फटिक होतात, ठिपक्याच्या कडेला जास्त. त्यामुळे लेझर मध्यावर मारून भागत नाही, कडेकडेने फिरवावा लागतो.

आज ओळखीच्या जातींपासून सुरुवात. एटीसीसी (प्रमाण जिवाणूंचा संग्रह) २५९२२, दाद देणारी ई. कोलाय. एटीसीसी बीएए-२१४६, एनडीएम-१ बाळगणारी क्लेब्सिएला.

२५९२२: दोन तासांनंतरही ३८४ तसंच, ४०६ तसंच.

२१४६: पडद्यावर आधी गवतासारखी बारीक रेघ. अण्णांनी लेझर थोडा सरकवला. ३५८ हळूहळू वर आलं. ३८० आलं. झोत पडत गेला तशी ती उंच होत गेली. ३८४ च्या जागी मात्र काही नाही. मी पडद्याला बोट लावून बघितलं, इतकं काही नाही. दोन तासांपूर्वी मी स्वतः वजन करून घातलेलं औषध त्या नळीत उरलंच नव्हतं.

मग त्याच जिवाणूच्या दुसऱ्या नळीत ईडीटीए. एनडीएमला कामाला जस्त लागतं, ईडीटीए ते ओढून घेतं. ३८४ शाबूत.

म्हणजे मोडतोय का ते कळलं, आणि कोणत्या घराण्यातला मोडतोय तेही. दुसरं कळणं तेवढंच गरजेचं. सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टम ही औषधांची जोडी केपीसी आणि ऑक्सा-४८ पुढे चालते, एनडीएमपुढे चालत नाही. ॲझट्रिओनॅम हे औषध एनडीएमला मोडता येत नाही, पण सोबतची दुसरी एन्झाइमं ते मोडतात, म्हणून ही जोडी आणि ॲझट्रिओनॅम एकत्र द्यायचा विचार होतो. नुसतं ‘दाद देत नाही’ एवढं वाचून डॉक्टरांना पुढची वाट दिसत नाही.

गुरुवार, २५ जुलै

पाऊस थांबत नाही. आजची पाळी रद्द. रात्री लाइट गेली आणि उणे वीसच्या फ्रीजरचा अलार्म वाजत होता. मामांनी घरून येऊन नमुन्यांचे डबे बर्फाच्या पेटीत हलवले. ग्लिसरॉलमधले सगळे वाचले. मामा आमच्या विभागात परिचर आहेत, आणि ते रात्री अकराला भिजत आले नसते तर जूनपासूनचं काम गेलं असतं. हे वहीत असायला हवं म्हणून लिहिते.

येळ्ळूर रस्त्याने घरी जाताना बळ्ळारी नाला शेतांत पसरलेला दिसला. भातरोप पाण्याखाली. दरवर्षीचंच दुखणं. दिल्लीतल्या पाण्यावरच्या, २०११ साली छापून आलेल्या अभ्यासात रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत एनडीएमचं जनुक सापडलं होतं. आमच्या नाल्याचं पाणी तपासू या, असं मी सरांना म्हटलं. ते म्हणाले, हातातलं आधी पुरं कर. बरोबर आहे. पण त्याच पाण्यात गुडघाभर उभं राहून लावणी करणारी माणसं माझ्या घरची आहेत. नाला डोक्यातून जात नाही.

गुरुवार, ८ ऑगस्ट

आतापर्यंत सव्वीस नमुने. बहुतेकांचा निकाल जुन्या चाचणीशी जुळतो. तीन जुळत नाहीत: ९, १३ आणि २२.

जुनी चाचणी म्हणजे एमसीआयएम. जिवाणूच्या रसात मेरोपेनेमची डिस्क चार तास बुडवून ठेवायची, मग ती डिस्क २५९२२ पेरलेल्या प्लेटवर ठेवायची. औषध मोडलं गेलं असेल तर डिस्कभोवती जिवाणू वाढतात. झोन ६ ते १५ मिलिमीटर आला तर कार्बापेनेमेज आहे. या तिघांचा झोन ६, म्हणजे डिस्कला खेटून वाढ. आमच्या आलेखात मात्र ३८४ उभंच.

दोन तासांऐवजी तीन तास ठेवून बघितलं. १३ मध्ये थोडं खाली आलं. ९ आणि २२ ढिम्म.

अशा रुग्णाला आमच्या चाचणीने ‘मेरोपेनेम चालेल’ असं सांगितलं असतं. चुकायचंच असेल तर ही सर्वांत वाईट दिशा.

सोमवार, १९ ऑगस्ट

चार दिवस वाचण्यात. तिघेही बहुधा ऑक्सा-४८ च्या घराण्यातले. हे एन्झाइम मेरोपेनेम मोडतं, पण संथ. त्यात एक गोम आहे. या घराण्याच्या क्रियास्थानी लायसिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं, आणि त्यावर कार्बन डायऑक्साइडचा रेणू बसलेला असेल तरच ते काम करतं. पातळ द्रावणात तो निसटतो आणि एन्झाइम अर्धमेलं होतं. आम्ही जिवाणू धुऊन, स्वच्छ बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) घालून, त्याचा हात धरून ठेवल्यासारखं करत होतो.

उपाय छापलेला आहे: बफरमध्ये अमोनियम बायकार्बोनेट घालायचं, ५० मिलिमोलर. ही बाटली आमच्या कपाटात तीन वर्षं पडून होती. मामांनीच शोधून दिली.

गुरुवार, २२ ऑगस्ट

एकाच वसाहतीतून दोन नळ्या. एकीत बायकार्बोनेट, दुसरीत नाही. बाकी सगळं सारखं.

क्र. ९, साधी: ३८४ शाबूत. क्र. ९, बायकार्बोनेट: ३८४ बुडालं, ३५८ वर.
क्र. १३: तसंच.
क्र. २२: ३८४ अर्ध्यावर, ३५८ दिसायला लागलेलं.

२५९२२ मध्ये बायकार्बोनेट घालूनही औषध जागचं हललं नाही. हे आधी बघितलं, मग बाकीचे.

ईडीटीए घातलं तरी तिघांत मोड चालूच, म्हणजे जस्तावर चालणारं एन्झाइम नाही. अण्णा आज पाचनंतरही थांबले. शेवटचा ठिपका सव्वासहाला संपला. परतीच्या बसमध्ये उभं राहायला जागा नव्हती, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

आता प्रत्येक नमुन्याच्या तीन नळ्या: बायकार्बोनेटसह, त्यात ईडीटीए घालून, आणि जिवाणूविना. ईडीटीएनंतरही मोड उरला तर एनडीएमसोबत ऑक्साही असण्याची शक्यता. आपल्याकडे दोन्ही एकाच जिवाणूत सापडतात.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

उद्या चतुर्थी. गल्लीगल्लीत मांडव. यंत्र पुढच्या गुरुवारी नाही, म्हणून आमच्याच प्रयोगशाळेत जेलचं, म्हणजे प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करायचं, काम काढलं. क्र. १७ चं कोडं राहिलंय: डिस्कवर मेरोपेनेमला दाद नाही, झोन १६ (१९ किंवा कमी म्हणजे प्रतिरोधक), पण एमसीआयएम निगेटिव्ह आणि आमच्या आलेखात तीनही नळ्यांत औषध अख्खं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

क्र. १७ औषध मोडत नाही, तर आत घेतच नाही.

क्लेब्सिएलाच्या बाह्य पटलात पोरिन नावाची प्रथिनं असतात, पटलातल्या नळ्याच त्या. कार्बापेनेम त्यांतूनच आत जातं. मुख्य दोन, ओएमपीके-३५ आणि ओएमपीके-३६. जिवाणूने त्या बनवणंच बंद केलं आणि जोडीला ईएसबीएलसारखं (पेनिसिलिनच्या जातीची औषधं मोडणारं) एखादं एन्झाइम असलं, तर कार्बापेनेमेज नसतानाही मेरोपेनेम हरतं.

पेशी फोडून, सार्कोसिलने आतलं पटल विरघळवून, बाहेरच्या पटलाची प्रथिनं वेगळी केली. ब्रॅडफर्ड चाचणीने मोजली, सगळ्या खाचांत सारखीच घातली. बारा टक्के जेल, रात्रभर कुमासीचा रंग, सकाळी रंग उतरवायला ठेवलं. मोठ्या पंख्याखाली ट्रे हलवत उभी होते. निळं पाणी फिकट होत गेलं तशा रेघा उमटल्या. दाद देणाऱ्या क्लेब्सिएलाच्या खाचेत ३५ ते ४० किलोडाल्टनच्या मध्ये ठळक पट्ट्या, एकीखाली एक. १७ च्या खाचेत ओएमपी-ए या बाह्य पटलातल्याच दुसऱ्या प्रथिनाची पट्टी आहे, आणि तिच्या वर जिथे पोरिन हवं तिथे जेलचा नुसता पारदर्शक भाग. मी जेल खिडकीकडे धरून पुन्हा बघितलं. मामांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, “हितं दात पडल्यागत दिसतंय की.”

दुसऱ्यांदाही तेच आलं. जेल जपून वाळवून वहीत लावलं आहे.

आमच्या मेरोपेनेम-चाचणीचं उत्तर ‘मोडत नाही’ असं आलं तर त्याचा अर्थ ‘दाद देतो’ असा कधीच लिहायचा नाही. आजपासून रिपोर्टच्या नमुन्यात ‘संवेदनशील’ हा शब्द काढून टाकला. तिथे आता ‘औषध मोडताना आढळलं नाही, डिस्कचा निकाल पाहावा’ असं आहे.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

सकाळी अकराला रुग्णालयाच्या डॉक्टर मॅडमचा फोन. रक्ताच्या बाटलीत क्लेब्सिएला वाढलंय, रुग्ण अतिदक्षता विभागात, डिस्क उद्या वाचता येईल. आज गुरुवार आहे, तुम्ही यंत्रावर जाताच आहात, तर हाही लावाल का?

सर म्हणाले, लावू. पण निकाल सांगणार नाही. आपली पद्धत अजून तपासून पुरी झालेली नाही, तिच्यावर कुणाचं औषध ठरू शकत नाही. मॅडमनाही ते मान्य होतं.

साडेतीनला आलेख आला. बायकार्बोनेटच्या नळीत ३८४ नाही. ईडीटीएच्या नळीत ३८४ शाबूत. मला माहीत होतं, आणि मी गप्प बसायचं होतं. चंदगडच्या आजींनी जे विचारलं होतं त्याचं उत्तर माझ्यासमोर पडद्यावर होतं, दुसऱ्याच कुणाबद्दल, आणि वॉर्डात कदाचित तेव्हा मेरोपेनेमची पुढची बाटली लावली जात होती. मी तीन वेळा फोन हातात घेतला. सरांचं बरोबर आहे हे मला ऑगस्टपासून माहीत आहे: क्र. ९ ला मी आत्मविश्वासाने ‘चालेल’ म्हणाले असते. तरी तो तास कठीण गेला.

साडेचारला डॉक्टर मॅडमचाच फोन आला. त्यांनी वाट बघितली नव्हती. वसाहत दिसल्याबरोबर कार्ड-चाचणी लावली होती, पंधरा मिनिटांची. एनडीएमच्या जागी रेघ आली, आणि औषध बदललंसुद्धा. मग त्यांनी विचारलं, तुमचं काय आलं? सरांनी मान हलवली तेव्हा मी सांगितलं.

ती कार्ड-चाचणीही प्रथिनावरचीच. पट्टीवर पाच घराण्यांची प्रतिपिंडं बसवलेली असतात: केपीसी, ऑक्सा-४८, व्हीआयएम, आयएमपी, एनडीएम. मग आमच्या खटाटोपाचं काय, असं बसमध्ये मनात आलं. उत्तर असं की कार्ड चेहरा ओळखतं. ओळखीच्या पाचांपलीकडचा आला, किंवा चेहरा बदलून आला, तर रेघ उमटत नाही. आमची चाचणी हात बघते. कुणीही पाणी घुसवून औषध मोडलं तरी वजन १८ नेच वाढणार. वॉर्डात आधी कार्ड हवं, यात मला शंका नाही. ते कोरं आलं आणि रुग्ण सुधारत नसला, तर आमची नळी.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आंधळी चाचणी. डॉक्टर मॅडमनी वीस नमुने अक्षरांच्या चिठ्ठ्या लावून पाठवले, उत्तरं बंद पाकिटात सरांकडे. मी सगळे लावले, निकाल लिहून सही केली, मगच पाकीट फोडलं.

एकोणीस जुळले. चुकला तो ‘झ’ चिठ्ठीचा. आम्ही लिहिलं ‘मोडताना आढळलं नाही’, पाकिटात ऑक्सा-२३२. हा त्या घराण्यातला सर्वांत मंद गड्यांपैकी, आणि आपल्याकडे आढळणारा. बायकार्बोनेट घालूनही दोन तास त्याला पुरले नाहीत.

वीस नमुने ही संख्या थोडी आहे, असं सर म्हणाले. मलाही तसंच वाटतं. पुढचा संच साठचा मागितलाय.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

हा आठवडा प्रतिजैविक-प्रतिरोध जागृतीचा, दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर. कॉलेजात भित्तिपत्रकं लावली, कन्नड आणि मराठी. मराठीचा मजकूर मी लिहिला: उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नका, सर्दीला प्रतिजैविक मागू नका, रेघ असलेलं पाकीट चिठ्ठीशिवाय घेऊ नका. खाली जगाचा आकडा: जिवाणूंच्या औषध-प्रतिरोधाने २०१९ या एका वर्षात थेट गेलेले जीव अंदाजे १२.७ लाख. बेळगाव शहर आणि तालुक्यातली सगळी माणसं मोजली तरी एवढी भरणार नाहीत, असं मी मामांना सांगितलं. ते बराच वेळ त्या कागदासमोर उभे होते.

संमतीपत्रातली एक ओळ आज बदलून घेतली. ‘सदर संशोधनातून सहभागी व्यक्तीस प्रत्यक्ष लाभ संभवत नाही’ असं होतं. आता: ‘या तपासणीतून तुम्हाला आत्ता कुठलं औषध द्यायचं ते आम्ही सांगू शकणार नाही. ते तुमचे डॉक्टर नेहमीच्या रिपोर्टवरून ठरवतील.’ कन्नडचं अण्णांनी तपासून दिलं.

‘झ’ चार तास ठेवून बघितला. ३५८ दिसलं, लहान पण आहे. नुसत्या औषधाच्या नळीत चार तासांनी काय होतं ते बघायला हवं, कारण मेरोपेनेम पाण्यात आपोआपही थोडं मोडतं. तेवढं वजा केल्याशिवाय हे शिखर मी मोजणार नाही.

संध्याकाळी ‘झ’ पुन्हा प्लेटवर ओढला, सोबत २५९२२ आणि २१४६. इन्क्युबेटर ३५ वर. उद्या सकाळी आठला काढायच्या.